कौतुक पुष्कळ, काम थोडं

सुधा चंद्रन यांची कहाणी मुंबईला पाठ आहे. मुंबईत वाढलेली, लहानपणापासून भरतनाट्यम शिकलेली मुलगी १९८१ मध्ये तामिळनाडूत अपघातात सापडली, पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून १९८४ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली आणि ‘मयूरी’ व ‘नाचे मयूरी’ या चित्रपटांत तिने स्वतःचीच भूमिका केली. या कहाणीत सुरुवात आहे, आघात आहे, पुनरागमन आहे. ती ऐकताना कुठे डोळे ओले करायचे आणि कुठे टाळ्या वाजवायच्या, हे श्रोत्याला आपोआप कळतं.

जन्मतःच अपंगत्व असलेल्या कलावंताची गोष्ट अशी सांगता येत नाही. तिच्यात ‘आधी’ नसतंच. जन्मापासून ज्याला हात नाहीत, त्याने काही गमावलेलं नसतं. तो पायाने घास घेतो, पायाने पान उलटतो, पायानेच पेन्सिल धरतो आणि त्याला ते घरातल्या भिंतीइतकं नेहमीचं वाटतं. त्याचं शरीर हे त्याचं पहिलं आणि एकमेव शरीर. मग त्याच्या कलेकडे पाहताना आपण नेमकं काय पाहायचं? अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात चित्रपट, मालिका, जाहिराती, नाटकं आणि गाण्यांचे कार्यक्रम यांवर हजारो घरं चालतात. अशा ठिकाणी हा प्रश्न विचारायलाच हवा. मला त्याचं उत्तर असं दिसतं: असा कलावंत कुठवर जातो, हे त्याच्या जिद्दीपेक्षा त्या कलेतल्या कामाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असतं. जिद्द सगळ्यांकडेच असते. पद्धत जिथे जुळते तिथे माणूस पुढे जातो, जिथे जुळत नाही तिथे त्याचा सत्कार होतो.

पद्धत जुळली म्हणजे काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रवींद्र जैन. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी अलिगढला जन्म, जन्मतः अंध. वडील इंद्रमणी जैन संस्कृतचे पंडित. त्यांनी मुलाचा कल ओळखून त्याला लहानपणीच गाण्याच्या शिक्षणाला बसवलं. मंदिरात भजनं, मग कोलकाता आणि मग मुंबई. १९७३ मध्ये ‘सौदागर’, १९७५ मध्ये ‘गीत गाता चल’, १९७६ मध्ये ‘चितचोर’, १९७८ मध्ये ‘अंखियों के झरोखों से’. पुढे ‘राम तेरी गंगा मैली’साठी फिल्मफेअर आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’मुळे घराघरात पोहोचलेला आवाज. बरीचशी गीतंही त्यांचीच. येसुदास आणि हेमलता यांचे आवाज हिंदीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण अंधारावर मात, मनाचे डोळे वगैरे लिहून मोकळे होतात. मला त्यापेक्षा ‘सिटिंग’ महत्त्वाची वाटते. त्या काळी गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं आणि चित्रीकरण नंतर. संगीतकार पेटी घेऊन बसायचा आणि दिग्दर्शक सिच्युएशन सांगायचा: नदीकाठ आहे, मुलगी लाजते आहे, मुलगा शहरातून आलाय. समोर पडद्यावर काहीच नसायचं. डोळस संगीतकारालाही ते दृश्य ऐकूनच डोळ्यांपुढे आणावं लागायचं. म्हणजे त्या खोलीत रवींद्र जैन आणि इतर कोणताही संगीतकार अगदी एका पातळीवर बसलेले असायचे. तिथे अंधत्व आडवं येत नव्हतं, कारण कामाची रीतच तशी होती. त्यांच्या चालींमध्ये जी लोकगीताची सहजता आहे, ती त्यांची स्वतःची कमाई. दार उघडं सापडणं ही मात्र वेगळी गोष्ट.

आणि संगीताचं दार अंधांसाठी आपल्याकडे फार पूर्वीपासून उघडं आहे. सूरदासांची परंपरा देशभर आहेच. महाराष्ट्रात गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी ऐकून ग्रंथ आत्मसात केले आणि लेखनिकांना सांगून शंभराहून अधिक ग्रंथ रचले. आपला समाज अंध मुलाला गाणं शिकवायला चटकन तयार होतो, हे चांगलंच आहे. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अंध मुलगा म्हणजे गाणार, असं आपण ठरवूनच टाकलं. ज्याला गळा नाही पण मातीत हात घालायचा आहे, किंवा नाटक करायचं आहे, त्याच्यासाठी आपण विचारच केला नाही. स्वागत थोरात यांनी तो केला. ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक त्यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन उभं केलं आणि १५ फेब्रुवारी २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. दृष्टिहीन नट रंगमंच पावलांनी मोजतो. सेटमधली खुर्ची वीतभर सरकली तरी त्याचं सगळं गणित चुकतं. तेव्हा तालमीची पद्धत, सेट लावण्याची पद्धत, नेपथ्य सांभाळणाऱ्यांची शिस्त, सगळंच नव्याने बसवावं लागतं. हे दिग्दर्शनाचं काम आहे आणि त्याची चर्चा दिग्दर्शन म्हणूनच व्हायला हवी.

आता चित्रकलेकडे येतो. इथे सगळ्यात जास्त कौतुक होतं आणि सगळ्यात कमी नीट पाहिलं जातं.

पायाने चित्र काढणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते जरा जवळून पाहू. ब्रश अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये धरला जातो. हाताच्या चित्रकाराला मनगट आहे. पायाच्या चित्रकाराला ते काम घोट्यावर घ्यावं लागतं आणि घोटा मनगटाइतका फिरत नाही. लांब रेघ ओढायची तर हालचाल गुडघ्यातून, कधी थेट खुब्यातून येते. कागद जमिनीवर किंवा बुटक्या पाटावर, बसणं पाठ वाकवून. तासाभराने कंबर भरून येते. मोठा कॅनव्हास घ्यायचा तर पाय जेवढा पोहोचेल तेवढीच त्याची हद्द, म्हणून कॅनव्हास फिरवायला कुणीतरी लागतं. तोंडाने रंगवणाऱ्याची अडचण निराळी. ब्रशची दांडी दातांत, त्यामुळे डोळा चित्राच्या अगदी जवळ. बारकावे दिसतात, पण पूर्ण चित्र दिसत नाही. ते पाहायचं तर ब्रश सोडून मागे सरकावं लागतं, व्हीलचेअर असेल तर ती मागे घ्यावी लागते. मानेवर सतत ताण. दांडी लांब घ्यावी तर टोक थरथरतं, आखूड घ्यावी तर नजर आणखी जवळ येते. हे सगळं सांगायचं कारण असं की यातून चित्राचा आकार, रेषेची लय, रंग लावण्याची पद्धत ठरते. समीक्षेने बोलायचं ते याविषयी. पण आपल्याकडे परीक्षण येतं ते ‘हात नसतानाही’ या दोन शब्दांत संपतं.

या क्षेत्रात टिकाऊ आर्थिक व्यवस्था उभी केली ती आर्नुल्फ एरिक स्टेगमन या जर्मन चित्रकाराने. बालपणीच्या पोलिओने त्याचे हात निकामी झाले होते. १९५० च्या दशकात त्याने तोंडाने आणि पायाने चित्र काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. तिचं मुख्य ठाणं लिश्टेनश्टाइनमध्ये आणि भारतातही तिची शाखा आहे. सदस्य कलावंतांना दरमहा मानधन, शिकाऊ कलावंतांना शिष्यवृत्ती आणि त्यांच्या चित्रांची शुभेच्छापत्रं, दिनदर्शिका विकून उत्पन्न. दान नको, स्वतःच्या कामाचा मोबदला हवा, हे तिचं सूत्र. मुंबईतल्या अनेक घरांत दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुमाराला अशी कार्डं टपालाने आलेली असतील. या व्यवस्थेने असंख्य कलावंतांना सन्मानाने जगवलं, हे निःसंशय. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: शुभेच्छापत्रावर जे चित्र चालतं ते फुलांचं, पाखरांचं, निसर्गाचं, सणाचं. संतापाचं, एकटेपणाचं, शरीराच्या इच्छेचं चित्र कार्डावर खपत नाही. उपजीविका कार्डावर असेल तर ब्रशलाही तेच वळण पडत जातं. म्हणून कार्डाच्या पलीकडे गॅलरीचा बाजार या कलावंतांना मिळायला हवा, आणि तिथेच गाडं अडतं.

जगाचा इतिहासही फारसा निराळा नाही. सारा बिफिन (१७८४–१८५०) ही इंग्लिश चित्रकर्ती हातांशिवाय जन्माला आली, पायही नावापुरतेच. दातांत आणि खांद्याजवळ ब्रश धरून ती इतकी सूक्ष्म व्यक्तिचित्रं काढायची की पुढे राजघराण्यातली माणसं तिची आश्रयदाती झाली. पण तिची उमेदीची वर्षं गेली जत्रांमध्ये. एका खेळवाल्याशी केलेल्या करारामुळे ती गावोगाव तंबूत बसून लोकांना चित्र काढून दाखवायची आणि तिकिटांचा गल्ला त्याच्या खिशात. तिच्याच हयातीत फ्रान्समध्ये सेझार द्युकोर्ने (१८०६–१८५६) हातांशिवाय जन्मला. त्याला मात्र लील शहरात रीतसर शिक्षण मिळालं, पॅरिसला पाठवलं गेलं, आणि त्याने पायाने भव्य धार्मिक चित्रं रंगवली. शरीराची अडचण दोघांचीही मोठी. एकाला शाळा मिळाली, दुसरीला तंबू. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या स्टुडिओंत चालणाऱ्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये एखादा जन्मतः अपंग नर्तक आला, परीक्षक उभे राहिले, सगळे रडले, आणि पुढच्या हंगामात त्याला कुणी ओळखेनासं झालं, असं घडतं तेव्हा मला बिफिनचा तंबू आठवतो.

आपल्या देशात एक नाव या सगळ्यापेक्षा वेगळं उभं आहे: विनोदबिहारी मुखर्जी. १९०४ चा जन्म, दृष्टी जन्मापासूनच अधू. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने जवळचंच दिसायचं. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात १९४६-४७ मध्ये त्यांनी मध्ययुगीन संतांचं अफाट भित्तिचित्र केलं. १९५० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली, तरी कागद कापून, हाताने चाचपून ते काम करत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. कलेच्या इतिहासात त्यांचं स्थान आधुनिक भारतीय चित्रकार म्हणून आहे आणि अंधत्व हा त्या चरित्राचा एक भाग आहे. हे शक्य झालं कारण शांतिनिकेतनने त्यांना विद्यार्थी म्हणून घेतलं आणि पुढे शिक्षक म्हणून ठेवलं.

शिक्षणाचा मुद्दा म्हणूनच कळीचा. आपल्याकडे शाळेतली मुलं कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देतात, आणि कला महाविद्यालयात जायचं तर सामायिक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे विषय घड्याळ लावून सोडवावे लागतात. पायाने काम करणाऱ्या मुलाला इथे लेखनिक देऊन भागत नाही. चित्र दुसऱ्याने काढून कसं चालेल? त्याला हवा बुटका पाट, कागद फिरवून देणारा माणूस, पाण्याचा डबा उजव्या पायाजवळ की डाव्या हे ठरवायची मुभा, आणि वाढीव वेळ. खर्च जवळजवळ शून्य. पण हे आधी कुणीतरी नियमात लिहून ठेवलं नाही, तर दर वेळी पालकांनी केंद्रप्रमुखांच्या विनवण्या करायच्या आणि त्यांच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य ठरायचं.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा खटला या बाबतीत फार बोलका आहे. २०१५ मध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका तरुणाला रंगांधत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की चित्रपट ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, आणि रंगांध विद्यार्थ्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नये. निवड ते निकाल यांत सात वर्षं गेली. संकलक होण्याच्या वयातली सात वर्षं.

लेखकांची स्थिती थोडी बरी, कारण लेखनाला घरचं टेबल पुरतं. फिरदौस कांगा १९६० मध्ये मुंबईत जन्मले, हाडं जन्मतःच ठिसूळ. त्यांची ‘ट्राइंग टू ग्रो’ ही इंग्रजी कादंबरी १९९० ची. पारशी कुटुंब, न वाढणारं शरीर, पुरुषाबद्दलचं प्रेम, हे सगळं त्यांनी अशा खोडकर आणि निर्भीड भाषेत लिहिलं की वाचकाला कीव करायला सवडच मिळत नाही. १९९७ मध्ये वारिस हुसेन यांनी त्यावर ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट केला आणि त्यात मुख्य भूमिका स्वतः कांगांनीच केली. मुंबईच्या कादंबरीवरचा, मुंबईच्या लेखकाने अभिनय केलेला हा चित्रपट ब्रिटिश पैशावर उभा राहिला, आणि कांगाही पुढे लंडनला गेले. हिंदी आणि मराठी चित्रपटसृष्टीच्या दारात एवढा ऐवज असताना आपण तो घेतला नाही, याची मला खंत आहे.

मालिनी चिब यांना जन्मावेळीच सेरेब्रल पाल्सी झाली. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. तीच आज ‘अडॅप्ट’ या नावाने वांद्र्यात काम करते. मालिनींनी ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन एका बोटाने टाइप करून लिहिलं. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. या पुस्तकातल्या तपशिलांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लंडनमधला: इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर बसून, कुणालाही सोबत न घेता बाहेर पडण्याचा. कांगा आणि चिब दोघांनाही मोकळा रस्ता परदेशात भेटला, हा योगायोग नाही. मालिनींच्या आयुष्यापासून प्रेरणा घेऊन त्यांच्या नात्याने बहीण असलेल्या शोनाली बोस यांनी २०१४ मध्ये ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ केला. चित्रपट सुंदर आहे, कल्की केकलाने मेहनतही विलक्षण घेतली. तरीही विचारावंसं वाटतं की सेरेब्रल पाल्सी असलेली अभिनेत्री कुणी शोधली होती का, आणि सापडली असती तर तिला आधी कुठे शिकायला मिळालं असतं? मराठीत त्याच वर्षी ‘यलो’ आला. महेश लिमये यांच्या या चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. तिच्या आणि संजना राय या बालकलाकाराच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पडद्यावरच्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक सूत्रं घालून दिली आणि अशी कलाकृती करताना अपंग व्यक्तींना सहभागी करून घ्या, असं बजावलं. त्या निकालाचा परिणाम अंधेरीतल्या कास्टिंगवाल्यांच्या कचेऱ्यांमध्ये दिसायला हवा, आणि त्यासाठी पहिल्यांदा ऑडिशनची खोली तळमजल्यावर यायला हवी.

प्रवासाबद्दल थोडक्यात, कारण ते उपनगरातल्या वाचकाला मी वेगळं सांगायला नको. चर्चगेट ते बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर. चित्रांची नावाजलेली दालनं अजूनही काळा घोडा आणि वरळीकडे. दिव्यांगांच्या डब्यात कॅनव्हास घेऊन चढायचं तर आधी त्या डब्यातल्या धडधाकट प्रवाशांनी जागा करून द्यावी लागते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत पडून एका सोळा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात गेले, तेव्हा कुठे फलाटांच्या उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिथे डबा आणि फलाट एका पातळीत आहेत, लिफ्ट आहेत, पायाला जाणवणारे पट्टे आहेत. शहर एकच, शरीरही तेच. मेट्रोत हा कलावंत प्रवासी असतो आणि लोकलमध्ये उचलून ठेवायचं ओझं होतो.

आणि कायदा? कायदा या बाबतीत आश्चर्य वाटावं इतका उदार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अपंग कलावंत आणि लेखकांना सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व देण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. कलाविषयक अभ्यासक्रमांची फेररचना करा, कला सर्वांना अनुभवता येईल अशी करा, अपंगत्वाच्या इतिहासाचं संग्रहालय उभारा, असंही त्यात लिहिलं आहे. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. निराधार योजनेतलं दिव्यांगांचं मासिक अर्थसाहाय्य २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजारांवर गेलं. पण अडीच हजारांत औषधं भागवावीत की कॅनव्हास आणि रंग आणावेत? शिवाय या साहाय्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणजे चित्र विकलं जाण्याचीच धास्ती. कलम २९ म्हणतं ते पाठबळ असं नव्हे. ते कामासाठीचं पाठबळ आहे: शिष्यवृत्ती, स्टुडिओची जागा, मदतनिसाचा पगार, प्रदर्शनाचं भाडं.

‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणजे मुंबईत महापालिका, आणि उपनगरांतली मोठी नाट्यगृहं तिच्याच ताब्यात आहेत. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचं कालिदास. यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक साधी तपासणी पालिकेने करावी: व्हीलचेअरवरचा कलावंत गाडीतून उतरून मेकअप रूमपर्यंत, तिथल्या स्वच्छतागृहापर्यंत आणि तिथून विंगेतून रंगमंचावर, कुणीही न उचलता पोहोचतो का? प्रेक्षकांसाठीचा उतार मोजू नये, कलावंताचा रस्ता मोजावा. जिथे तो तुटतो तिथे दुरुस्ती करावी आणि झालेली दुरुस्ती जाहीर करावी. आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना, वाचनालयांना, गणेशोत्सव समित्यांना माझी विनंती आहे: या वर्षी जन्मतः अपंग असलेल्या एखाद्या कलावंताला बोलावणार असाल, तर शाल-श्रीफळाच्या आधी त्याचं मानधन विचारा, ते इतरांइतकं द्या, आणि कार्यक्रम आवडला नाही तर तसंही त्याला सांगा.